कोटीत तीन नाही

हरिचंद्र सरांना कुठलाही आकडा तसाच सोडवत नसे. अंबरनाथच्या मराठी शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण रिक्षाचा नंबर दिसला की अजून म्हणायचे, "ह्याला तीननं भाग जातो." आमच्या बदलापूरच्या सोसायटीतली पोरं त्यांना मागून 'भागाकार' म्हणायची. देवाचं नाव मात्र ते काढत नसत. ते खातं कुंदाताईंचं, त्यांच्या बायकोचं.

कुंदाताईंनी लग्नानंतर एक कोटी रामनामाचा संकल्प सोडला होता. माळ एकशेआठ मण्यांची, पण आपल्यात ती शंभरच धरतात. वरचे आठ मणी चुकलेल्या, मन भरकटलेल्या नामांसाठी. म्हणजे कोटीला एक लाख माळा. रोजच्या माळा त्या कॅलेंडरवर मांडायच्या.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. "कोटी पुरी होऊ दे, मग ने," एवढंच त्यांचं देवाशी मागणं. सात हजार माळा बाकी होत्या आणि दिवसाला दोनही होईनात.

सरांना ते बघवेना. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर ते पलंगाला खुर्ची लावून बसले होते.

"कुंदा, ऐक. एक कोटीच्या आकड्यांची बेरीज एक. तीननं भाग जात नाही. त्यात नुसते दोन आणि पाच. एकशेआठात मात्र तीन तीनदा आहे. म्हणून कोटी मेरुमण्यावर संपणारच नाही. ब्याण्णव हजार पाचशे ब्याण्णव माळा, वर चौसष्ट मणी. तुझ्या त्याहून जास्त झाल्यात. तुझी कोटी दिवाळीतच पुरी झाली!"

सरांचा चेहरा फुलला होता. बायकोच्या देवासाठी त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही केलं होतं.

कुंदाताई म्हणाल्या, "अहो, म्हणजे ते आठ-आठ पण धरलेत तुम्ही."

"नाम घेतलंस ना?"

"तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते मी. तुमच्या आईला मनात शिव्या घालत होते. ते रामाच्या पदरात घालू?"

"हिशोब बरोबर आहे, कुंदा."

"तुमचा कधी चुकलाय?" त्या माझ्याकडे वळल्या. "विनिता, बघ गं, माझं पाप पण ह्यांनी बेरजेत घेतलं."

त्यानंतर त्यांची माळ पुढे सरकेना. चौसष्टाव्या मण्यावर बोट अडायचं. "आता नाम सुटतं आणि मणीच मोजले जातात," म्हणायच्या आणि माळ उशीखाली सारायच्या. माघात गेल्या.

तेराव्याला उल्हासनगरहून आलेली कुंदाताईंची नणंद, द्रौपदीताई, चारचौघांत म्हणाली, "पुण्यवान हो वहिनी. कोटी पुरी करून गेली."

"नाही," सर म्हणाले. "सात हजार माळा राहिल्या."

"अरे, तूच तर फोनवर सांगितलंस, पुरी झाली म्हणून!"

सर, हे कुंदाताईंसमोर म्हणायचं होतंत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी पानं मांडायला उठले.