तीर्थ प्यालेली बेमो

नांग रास्मीला कानाने गाडी कळते, असं वस्तीत सगळे म्हणत. सगळे म्हणत याचं कारण नांग रास्मी स्वतः ते सगळ्यांना सांगत असे. लढाईचा कोंबडा मांडीवर घेऊन तो चावडीच्या पायरीवर बसायचा. खालच्या घाटातून कुणाची मोटार घरघरत वर आली की डोळे मिटायचा, कोंबड्याची मान कुरवाळायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या प्लगवर काजळी धरलीय." मोटार निघून जायची. काजळी होती की नव्हती हे बघायला तिच्यामागे कोण धावणार? त्यामुळे नांग रास्मीचं निदान आजवर एकदाही चुकलेलं नव्हतं.

त्याचं पाळण्यातलं नाव नेंगाह सुआर्ता. पण थोरली मुलगी जन्मली आणि रीतीप्रमाणे तो नांग रास्मी, म्हणजे रास्मीचा बाप झाला, आणि त्याची बायको मेन रास्मी, म्हणजे रास्मीची आई. रास्मी लग्न होऊन समुद्राकाठच्या गावी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तिचं नाव आईबापांनी परत केलं नाही.

त्याची बेमो, म्हणजे भाड्याने माणसं वाहणारी छोटी गाडी, रास्मीहून मोठी. निळी, पत्र्याची, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकडी, आणि इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली. नांग रास्मी त्यावर खुडूक कोंबडीसारखा बसून दिवसभर घाट चढउतार करायचा. त्या गाडीत जपानी कारखान्याचं आता फारसं काही उरलं नव्हतं. दार सायकलच्या ट्यूबने बांधलेलं, आरशाच्या जागी न्हाव्याचा आरसा, आणि बाकी सगळीकडे साबण. साबणावर नांग रास्मीची फार श्रद्धा. एकदा पेट्रोलची टाकी गळायला लागली तेव्हा त्याने कपडे धुण्याच्या साबणाने भोक बुजवलं आणि ते टिकलं. तेव्हापासून जिथे फट तिथे साबण. चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारी डिस्ट्रिब्यूटरची काळी टोपी असते, तिला तडा गेला. नवी टोपी बसवायची सोडून याने त्यात साबण भरला, वाळल्यावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "जपान्यांना हे सुचलं नाही."

दुसऱ्याची गाडी बंद पडली की मात्र त्याचं प्रवचन ठरलेलं असे. "गाडीला दोनच गोष्टी लागतात. पेट्रोल आणि ठिणगी. आधी ठिणगी बघावी, मग पेट्रोल बघावं, आणि मग तोंड उघडावं." यातली तिसरी पायरी तो स्वतः पहिली घ्यायचा.

त्या वर्षी तुंपेक लांडेपच्या दिवशीच घाटाखालच्या आम्लापुरा शहरात गामेलानची, म्हणजे ढोल-घंटांच्या ताफ्यांची, स्पर्धा आली. तुंपेक लांडेप म्हणजे लोखंडाची पूजा. कोयता, कट्यार, शिवणयंत्र, मोटार, जे जे लोखंडाचं त्याला त्या दिवशी नैवेद्य आणि तीर्थ. वस्तीतल्या पुरुषांचा वादनाचा ताफा जुना, आजोबा-पणजोबांपासूनचा. आदल्या वर्षी तो पहिल्याच फेरीत घरी आला होता, आणि त्याचं खापर परीक्षकांवर फुटलं होतं. यंदा बायकांनी ताफा काढला. पुरुष हसले. बायकांनी हसू दिलं आणि मुख्य ढोल मेन रास्मीच्या मांडीवर ठेवला.

हा ढोल म्हणजे ताफ्याचा लगाम. तो थांबला की घंटा, झांजा, बासऱ्या सगळं थांबतं. मेन रास्मीने वर्षभर ढोल नसेल तेव्हा भाताच्या पातेल्यावर सराव केला, कांदा चिरायच्या पाटावर केला, रात्री झोपेत नवऱ्याच्या पाठीवर केला. आयुष्यभर तिने इतरांसाठी नैवेद्याच्या परड्या विणल्या होत्या. पहिल्यांदाच कुठेतरी तिच्याशिवाय सुरुवात होणार नव्हती. आणि स्पर्धेचा नियम सरळ होता: नाव पुकारल्यावर ताफा मांडवात नसेल तर नाव बाद.

वाहनाचा विषय निघाला तेव्हा वस्तीतला दुसरा गाडीवाला नांग कोबार याने त्याची नवीकोरी पांढरी व्हॅन देऊ केली होती. नांग रास्मी भर सभेत उभा राहिला. "माझी बेमो असताना ढोल परक्याच्या गाडीतून जाणार? मग मी दाढी काढून चोळी घालावी काय?"

"दाढी कुठे आहे तुला," मेन रास्मी मागून म्हणाली. पण गोष्ट ठरली. नांग कोबारने मग दुसरं भाडं घेतलं.

पूजेच्या सकाळी देवळासमोर सगळं लोखंड रांगेत उभं राहिलं. नांग कोबारच्या व्हॅनवर नारळाच्या पानांचं तोरण असं काही होतं की आत नवरी बसलीय असं वाटावं. देवळाचे पुजारी जेरो मंकू यांनी फुलांच्या जुडीने त्या व्हॅनवर तीनदा तीर्थ शिंपडलं आणि पुढे आले. नांग रास्मीने तोवर ड्रायव्हरची सीट उचलून इंजिन उघडं करून ठेवलं होतं.

"पत्र्यावर काय शिंपडायचं, जेरो. थेट पोटात द्या. आणि माझी म्हातारी आहे, जरा सढळ हाताने."

जेरो मंकू भला माणूस. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं, बेमोकडे पाहिलं आणि उरलेलं भांडं फुला-तांदळासकट इंजिनावर रिकामं केलं. नांग रास्मीने नांग कोबारकडे असं बघितलं, जणू खरी स्पर्धा त्या दोघांचीच होती आणि ती तिथेच संपली होती.

जेवणं झाली. बेमोत घंटा चढल्या, मग कमरेला पिवळे पट्टे बांधलेल्या, केसांत चाफा माळलेल्या बायका चढल्या, शेवटी ढोल घेऊन मेन रास्मी. नांग रास्मीने चावी फिरवली.

खुर्र, खुर्र, खुर्र, खुर्र.

पुन्हा फिरवली. सेल्फ जोरात फिरत होता, बॅटरी ठणठणीत होती, पण गाडी काही पकडेना. नांग रास्मीने हात वर करून बायकांना गप्प केलं, डोळे मिटले, कान लावला. पुन्हा चावी फिरवली.

"कार्बोरेटर," तो म्हणाला.

कार्बोरेटर खोलला. फुंकला, बसवला. खुर्र, खुर्र. "मग पेट्रोलची नळी." नळी काढली, चोखली, तोंडभर पेट्रोल आलं, थुंकला. म्हणजे नळीही ठीक होती. एव्हाना चावडीवरचे पुरुष उठून गाडीभोवती जमले होते. बंद गाडीभोवती पुरुष कसे जमतात ते बघावं. मुंग्यांनाही साखर इतक्या लवकर सापडत नाही.

"लोखंडाचा सण आहे," एक म्हातारा म्हणाला. "आज लोखंड काम करत नसतं."

"मग नांग कोबारची व्हॅन कशी गेली, आजोबा? ती काय लाकडाची आहे?"

व्हॅन नुकतीच वळणावरून उतरली होती, आणि उतरताना हॉर्न गरजेपेक्षा एकदा जास्त वाजला होता.

वस्तीचा मुखिया सिगारेट शिलगावत म्हणाला, "गाडीचं तोंड बघा. ढुंगण डोंगराकडे केलंय. डोंगरावर देव राहतात. चालेल कशी?"

हे सगळ्यांना पटलं. बायका उतरल्या, घंटा उतरल्या, आणि जमलेल्या मंडळींनी ऊन सोसत बेमो उचलून-ढकलून फिरवली. आता तिचं तोंड डोंगराकडे झालं. नांग रास्मीने चावी फिरवली. खुर्र, खुर्र.

"उतारावर धक्का मारून बघू," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की उतार आता गाडीच्या मागच्या बाजूला होता.

मेन रास्मी ढोल मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिची बोटं ढोलाच्या चामड्यावर नुसतीच फिरत होती. ऊन देवळाच्या दारावरून खाली उतरलं होतं आणि आम्लापुरा घाटाच्या पार खाली होतं.

"अहो," ती म्हणाली, "सकाळी ही चालवत आणलीत ना तुम्ही?"

"लोण्यासारखी चालत होती."

"मग सकाळपासून आत्तापर्यंत हिच्यात काय बदललं?"

एकेकाची नजर आधी इंजिनावर गेली, मग देवळाच्या ओट्यावर, जिथे जेरो मंकू निवांत बसून गूळ-खोबऱ्याचा भात खात होते, आणि मग घाईघाईने आकाशाकडे. जे बदललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण देवाच्या तीर्थाने गाडी बंद पडली हे म्हणणार कोण? मुखियाने दुसरी सिगारेट पेटवली.

"ठिणगी बघितलीत?" मेन रास्मी म्हणाली.

"ठिणगी आहेच."

"बघितलीत का, ते विचारतेय."

"कानाला कळतं मला."

"ठिणगी कानाला कळते?" ती बायकांकडे वळली. "गाडीला दोनच गोष्टी लागतात, गं. आधी काय बघायचं?"

"ठिणगी!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. हे प्रवचन प्रत्येकीने त्या बेमोत बसून इतक्यांदा ऐकलं होतं की घंटेच्या तालापेक्षा पक्कं पाठ होतं.

नांग रास्मीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने एका प्लगची वायर काढली, तिचं टोक इंजिनाच्या धातूजवळ धरलं आणि बायकोला चावी फिरवायला सांगितलं. टिक नाही, चमक नाही. दुसरी वायर काढली, तिचंही तेच. कार्बोरेटर बिचारा फुकट खोलला गेला होता.

मग तो डिस्ट्रिब्यूटरकडे वळला. टोपीच्या तड्यातून पांढरा फेस ओघळत होता. त्याने चाप सोडवले आणि टोपी अलगद बाहेर काढली. ती आडवी बसते, त्यामुळे खालच्या गोलाईत तीन-चार चमचे पाणी साठलं होतं. त्यावर चाफ्याची एक पाकळी तरंगत होती, आणि तांदळाचे दोन दाणे.

आता हे पाणी पुसायला किती वेळ? पण त्याच्या हातात होतं ते फडकं काळं, तेलकट, सकाळी त्यानेच पायाखाली टाकलेलं. त्याचा हात टोपीशी जाऊन थांबला. अख्खी वस्ती बघत होती. तीर्थ कुणी फडक्याने पुसतं का? जमिनीवर ओततं का? तीर्थाचं काय करतात हे लहान पोरालाही माहीत असतं.

नांग रास्मी बेमोच्या पायरीवर मांडी घालून बसला. डोक्याचं मुंडासं सारखं केलं. टोपीतलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि तीन घोट घेतले, रीतीप्रमाणे. उरलेलं चेहऱ्यावर फिरवलं, केसांना लावलं. तांदळाचे दाणे कपाळावर चिकटवले, पाकळी कानामागे खोवली. डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते भक्तीचं नव्हतं.

"चव कशी आहे?" मेन रास्मीने विचारलं.

"पवित्र," नांग रास्मी म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला आणि फुटला.

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. हसले नाहीत ते फक्त जेरो मंकू. ते भात बाजूला ठेवून उठून आले.

"काय सापडलं रे?"

"काही नाही, जेरो. प्रसाद एकाच जागी साठला होता. वाटून घेतला."

"सढळ हाताने म्हणाला होतास," जेरो मंकू म्हणाले, आणि देवळातलं धुपाटणं निखाऱ्यांसकट घेऊन आले. नांग रास्मीने डोक्याचं पांढरं मुंडासं सोडून टोपी आतून स्वच्छ पुसली. जेरो मंकूंनी ती निखाऱ्यांवर धरून शेकली, पंख्याने वारा घालत, इतक्या गांभीर्याने की कुणीतरी चुकून हात जोडले. तड्यातला साबण मेन रास्मीने केसांतल्या काट्याने खरवडून काढला. नांग रास्मीने सवयीने खिशात हात घातला, तिथे साबणाची वडी असायची.

"तो हात बाहेर काढा," ती म्हणाली. तड्यात देवळातल्या मेणबत्तीचं मेण ओतलं गेलं.

टोपी बसली, वायरी बसल्या. खुर्र, खुर्र, आणि बेमो खोकली, शिंकली, निळा धूर सोडून चालू झाली. धुरात साबणाचा मंद वास होता. तोंड अर्थातच डोंगराकडे होतं, रस्ता अरुंद होता. घामाने निथळणाऱ्या मंडळींनी ती पुन्हा उलटी फिरवली, आणि या खेपेला देवांचं कुणी नाव काढलं नाही.

घाटभर नांग रास्मी सांगत होता की त्याला पहिल्यापासून डिस्ट्रिब्यूटरचा संशय होता. बायकांनी झांजा वाजवायला घेतल्या.

आम्लापुराला पोचले तेव्हा कर्ण्यावर त्यांच्याच वस्तीचं नाव पुकारलं जात होतं. बायका घंटा उचलून धावत सुटल्या, चाफा वाटेवर सांडत. मेन रास्मी ढोल पोटाशी धरून सगळ्यांच्या पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

नांग रास्मी मैदानाच्या कडेला बेमोत बसून राहिला. गाडी बंद करायची हिंमत नव्हती. मेण नवं होतं, मेणावर अजून त्याचा विश्वास बसला नव्हता. शेजारच्या ट्रकमधला ड्रायव्हर म्हणाला, "बंद कर की, बाबा. पेट्रोल फुकट जातंय."

नांग रास्मीने कान टवकारले. मांडवात काहीतरी सुरू झालं होतं, पण बुडाखालच्या घरघरीत त्याला काही नीट ऐकू येत नव्हतं. वर्षभर पाठीवर वाजलेला तो ढोल. पाठीला तो पाठ होता, कानाने एकदाही नीट ऐकला नव्हता. तो थोडा वेळ चावीकडे बघत बसला. मग त्याने ती उलटी फिरवली.

घरघर थांबली आणि ढोल स्वच्छ ऐकू आला.

"केलीस बंद," ट्रकवाला म्हणाला. "आता चालू होईल का परत? आवाजावरून तुझ्या तिसऱ्या प्लगवर काजळी धरलेली दिसते."

"गप रे," नांग रास्मी म्हणाला. "ऐकू दे जरा."