पासिंगपुरते उसने टायर

मंडळी, आरटीओला नावं ठेवणाऱ्या माझ्या पोस्ट तुम्ही आवडीने वाचता. आजची माझ्याबद्दल आहे.

सकाळी माझी जुनी गाडी तपासणीत पास झाली. साहेबांनी वाकून टायरसुद्धा पाहिले. ते माझे नव्हते. माझे गुळगुळीत झालेत, म्हणून गॅरेजवाल्याने पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे बसवले होते. "मॅडम, सगळेच करतात," तो म्हणाला. मलाही ते सोयीचं वाटलं.

दुपारी पुन्हा जुन्याच टायरांवर मंडईकडे निघाले. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला, तर गाडी घसरत जाऊन पुढच्या स्कूटरला धडकली. स्कूटरवरच्या बाईंचा हात मोडला.

तिथे आलेल्या हवालदारांनी माझे कागद पाहिले आणि ते त्यांनाच म्हणाले, "यांची गाडी आजच पास झालीय. तुम्हीच मध्ये थांबला असाल."

"असेल हो," त्या कळवळत म्हणाल्या. "काकू, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

आणि आयुष्यभर सगळ्यांना सुनावणारी मी गप्प बसले.

तपासणीने रस्ते सुरक्षित होतात का, हे मला विचारू नका. तपासलेली गाडी मी रस्त्यावर राहूच दिली नाही. आता त्या बाईंना आणि हवालदारांना खरं सांगायला निघाले आहे.

तुम्ही तपासणीला नेता ती गाडी आणि रोज चालवता ती गाडी एकच असते ना?