माहेरच्या खात्यावरचं मत

माझं माहेर मारुंजी, सासर माण. मधे गाडीने फार तर पंधरा मिनिटं. त्या लोकसभेला माझा धाकटा भाऊ एका उमेदवाराचं काम करत होता आणि माझे सासरे दुसऱ्याचं. कालपर्यंत दोघंही एकाच गाडीतून सभांना जायचे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामांनी उमेदवाराला शब्द दिला होता, आमच्या वाडीचं केंद्र आपलंच. महिनाभर ते उन्हातान्हात दारोदार फिरले. माझ्या भावाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मीही त्याचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची.

मतदानाला आम्ही सगळे बरोबर गेलो. परत येताना नवऱ्याने विचारलं, "कुणाला दिलंस?"

"घरात ठरलंय त्याला," मी म्हणाले. खरंच दिलं होतं. भावासाठी मन ओढत होतं, पण मामांचे ते पायपिटीचे दिवस डोळ्यांसमोर होते.

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत आघाडी इकडून तिकडे होत राहिली. टीव्हीसमोर जेवणं झाली, ती कुणाला कळलीही नाहीत. संध्याकाळी मामांचा उमेदवार थोडक्यात पडला. त्याचं दुःख होतंच, पण दोन दिवसांनी केंद्रांचे आकडे आले आणि आमच्याच वाडीत तो मागे पडल्याचं कळलं. तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी.

मामा उमेदवाराच्या बैठकीतून घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "भर बैठकीत इचारलं मला," ते म्हणाले. "तुमच्या घरातली तरी मतं पडली का म्हणून."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच मी समजले.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, तू लाज राखलीस राव." मी नाही म्हणणार होते. पण त्याचा आवाज इतका भरून आला होता की मी नुसतीच ऐकत राहिले.

पुढे घर मला परकं झालं. मामांचा चहा नवरा नेऊन देऊ लागला. मी एकदा त्याला शपथेवर सांगितलं, तर म्हणाला, "जाऊ दे ना आता." विश्वास ठेवला असता तर एवढंच बोलला नसता.

एके दिवशी मागच्या अंगणात वाल सोलताना आत्या एकदम म्हणाल्या, "मी दिलं तिकडं."

माझे हात थांबले.

"गावात सभा झाली तवा ह्यांना ष्टेजवरच्या खुर्चीवरनं उठवलं. कुणी बिल्डर आला व्हता, त्याला बसवायला. हे हसत हसत खाली येऊन उभं राह्यलं. बायांच्यात बसून समदं बघितलं मी. घरी येऊन बोललं न्हाईत. मला झोप न्हाई आली."

"मग मामांना सांगा ना, आत्या."

"काय सांगू? त्यांच्यापायी केलं, आन् मान त्यांचीच खाली गेली."

राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

दिवाळीच्या आधी भावाच्या नव्या घराची वास्तुशांत आली. मामा म्हणाले, "आपल्या घरातनं कुणी जायचं न्हाई." नवरा खाली बघत बसला. तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिला जाऊ द्या. तिनं न्हाई दिलं तिकडं."

"तुला काय म्हाईत?"

आत्यांनी नजर वर केली नाही. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग उठले, चपला घातल्या. "जाऊन ये," असं माझ्याकडे न बघताच म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यांनी आत्यांना पुढे काही विचारल्याचं मला माहीत नाही. पण दोघांचं संध्याकाळी ओट्यावर बसून बोलणं बंद झालं, ते अजून सुरू झालेलं नाही.

वास्तुशांतीला भावाने मला त्याच्या कार्यकर्त्यांसमोर उभं केलं. "ही आमची ताई. सासरी राहून आमचं काम केलं हिने." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि पंगतीत जाऊन बसले.