मालवणच्या काट्यावर एक किलो

भर पावसाळ्यात मालवणला जाणारा माणूस एकतर तिथला असतो, नाहीतर त्याचं काहीतरी अडलेलं असतं. माझं अडलं होतं एक पुठ्ठ्याचं कार्ड.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझं वेड माहीत आहे. नवीन आलेल्यांसाठी सांगते. नाणं टाकलं की काहीतरी करून दाखवणारी जुनी यंत्रं मी शोधत फिरते आणि जमेल तेवढी चालू करते. आपल्याकडे त्यातली उरली आहेत ती मुख्यतः वजनाची. लाल-हिरवे दिवे, गरगर फिरणारी चकती, आणि खाली खटकन पडणारं कार्ड. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी आपण वजनासाठी थोडेच चढत होतो?

ऑगस्टात एक फोन आला. "तू ती काट्याची बाय मा? मी मालवणसून इनास बोलतंय. माझ्या भाचयेन तुझा लिवलेला माका वाचून दाखयल्यान. माझ्या दुकानात वजनाचा मशीन आसा. कार्ड अडाकलां. तितक्या काढूक येतलस काय?"

मी होकार दिला, तसा आवाज जरा खाली आला. "आतल्या काट्याक मात्र हात लावू नको हां. तो बरोबर आसा."

हेच वाक्य त्यांनी फोन ठेवताना पुन्हा सांगितलं. मी मनात हसले. प्रत्येक मालकाला आपला काटा बरोबरच वाटतो. कोल्हापुरात माझ्या वडिलांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, गिऱ्हाईक खोटं बोलेल, दुकानदार खोटं बोलेल, काट्यानं बोलू नये. त्यांची तपासणीची लोखंडी वजनं आजही माझ्याकडे आहेत, आणि ती घेतल्याशिवाय मी कुठेच जात नाही.

शुक्रवार

कोल्हापूरहून मालवणची एसटी राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल अशी जाते. पाच तास सांगतात, पावसात सहा धरा. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे दोनशेच्या आत भागलं. वजनांची पंचवीस किलोची बॅग उचलून कंडक्टर म्हणाला, "ताई, नवऱ्याला घालून आणलंय काय हो यात?" मी म्हटलं, "नवरा असता तर त्यानं उचलली असती." पुढच्या दोन सीट हसल्या. ही या प्रवासातली शेवटची मजा, तेव्हा हसून घ्या.

घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर काचेला नाक लावून चालवत होता. कसालला वीस मिनिटं थांबलो. भजी तेलकट, चहा चांगला. पुढे मालवणपर्यंत नुसता हिरवा रंग आणि पाणी, पाणी आणि हिरवा रंग. लोक या दिवसांतल्या कोकणाचे फोटो टाकून वेडे होतात. मला का कोण जाणे, दमल्यासारखं झालं.

राहायला तारकर्लीत एक न्याहारी-निवास घेतलं होतं. हंगामात अडीच हजार मागतात, पावसात नऊशे. कारण उघड आहे: समुद्र मातकट, किल्ल्यावर जायच्या होड्या बंद, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवर माडाची झापं टाकलेली. गादीला दमट वास. रात्री कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. ताज्या माशाच्या आशेनं या दिवसांत येऊ नका, पण पिठीसाठी या.

शनिवार

तारकर्लीहून मालवण, रिक्षाचे दीडशे. इनास काकांचं दुकान जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. थंड पेयं, बिस्किटं, मेणबत्त्या, वह्या. मागे घर. ओट्यावर ते यंत्र, माणसापेक्षा उंच, निळा रंग उडालेला. काका तरुणपणी मुंबईत एका टॉकीजमध्ये लायटिंगचं काम करायचे. टॉकीज बंद पडलं तेव्हा पगाराऐवजी हे पदरात पडलं. त्याला जुना मोठा रुपयाच लागतो, हल्लीचे छोटे सरळ आरपार पडतात. म्हणून काकांनी जुन्या रुपयांचा एक डबा भरून ठेवलाय. तुम्ही तुमचा रुपया द्यायचा, त्यांचा घ्यायचा आणि तो टाकायचा.

काकांनी चहा दिला तेव्हा बशी खडखडली. हात चांगलेच कापत होते. "मी कुडाळाक जावन येतंय. सांतानचा औषध थंयच गावता. चारपर्यंत येतलंय," ते म्हणाले. आणि पायरी उतरता उतरता, तिसऱ्यांदा, "कार्ड तितक्या काढ हां."

सांतान काकी म्हणजे त्यांची बायको. आतल्या दारात शिवणाचं मशीन, त्यावर लाल दोऱ्याचं रीळ, आणि त्यामागे एवढीशी बाई. गाऊन खांद्यावरून घसरत होता. पोटाचं दुखणं, दीड वर्ष झालं, असं त्यांनी पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगितलं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्या काट्यावर उभ्या राहायच्या, आणि ते कार्ड बिस्किटाच्या डब्यात जायचं. तीन आठवडे यंत्र बंद, म्हणून नवी कार्डं नव्हती. शेवटच्यावर सेहेचाळीस होतं. त्याच्या आदल्यावर सेहेचाळीस. त्याच्याही आदल्यावर तेच.

मी यंत्राचं मागचं दार उघडलं.

आतलं काम साधं आणि देखणं असतं. आपण पाटावर उभे राहिलो की खालच्या दांड्या आपलं ओझं हलकं करत वर एका बारीक दांडीपर्यंत नेतात. ती दांडी आकड्यांची चकती फिरवते. नाणं पडलं की मोटर सुटते, चकती समोर आलेला आकडा कार्डावर दाबते आणि कार्ड घसरत खाली येतं. घसरगुंडीच्या तोंडाशीच बिघाड सापडला: शिशाचा एक मणी, मासे धरायच्या जाळ्याला बांधतात तसला. काढला. कार्ड सुटलं. पाच मिनिटांचं काम.

इथं मी थांबायला हवं होतं.

पण बॅटरी वर फिरवली, तर त्या बारीक दांडीवर काळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेले आणखी सहा मणी लोंबत होते. मला राग आला. कुणीतरी अडाण्यानं स्प्रिंग सैल पडली म्हणून हा उपाय केला असणार! वडिलांचं वीस किलोचं वजन पाटावर ठेवलं. कार्ड आलं, सव्वीस. एकेक मणी म्हणजे एक किलो. सहाही कापून काढले, वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले. पुन्हा वजन ठेवलं. वीस. अगदी नेमकं वीस. इतका आनंद झाला की मीच हाक मारली, "काकी, या, उभ्या राहून बघा!"

त्या आल्या. चपला काढल्या. डब्यातला रुपया टाकला. दिवे लागले, चकती फिरली, खटकन कार्ड पडलं.

एकोणचाळीस.

काकींनी ते कार्ड उजेडात धरलं. "मशीन आता खोटा सांगता, काय आधी सांगत होता?"

"आता खरं सांगतंय," मी म्हणाले. सवयीनं. ते शब्द परत गिळता आले असते तर मी काहीही दिलं असतं.

मग त्यांचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं. त्यांनी एक मणी उचलला, बोटांत फिरवला आणि स्टुलावर बसल्या.

"हे माझ्या पापाच्या, माझ्या बापाशीच्या, जाळ्याचे. माळ्यार आसा ता जाळा." त्यांनी तो मांडीवर ठेवला. "माझी बांगडी कोपरापर्यंत जाता, आणि कार्ड म्हणता सेचाळीस. माका वाटला मशीन बिघडला. इनास खोटा बोलात असा मनात पण इला नाय. चाळीस वर्सां लगीन होवन. तेका साधा खोटा बोलूक जमणा नाय."

 मी पुन्हा पुन्हा "माफ करा" म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या.

"गोव्याच्या डाक्टरान मार्चात सांगल्यान, आता हिका परत दवाखान्यात हाडू नको. तेव्हाच माका समाजला होता. किती ता म्हायत नाय होता, तितक्याच." त्यांनी कार्ड गाऊनच्या खिशात घातलं. "सगळे परत लाव."

"सहा?"

"सात. खाली पडललो तोय. तो तेच्याच हातातसून पडलो आसतलो. आणि एक जास्त लाव."

मला कळेना. त्या आत गेल्या, धापा टाकत माळ्यावरच्या जाळ्याचं टोक ओढलं, सुरीनं आठवा मणी कापला आणि आपल्या रिळाचा लाल दोरा त्यातून ओवून माझ्या हातावर ठेवला.

"तेका म्हायत आसा, मणी सात. सातार सेचाळीस येतला. सत्तेचाळीस इला, तर तो म्हणतलो बायल खरीच वाढली. दिवसाक तीन येळा पेज करून घालता तो माका. तेका तरी बरा वाटांदे. तेका सांगू नको."

वडिलांच्या दुकानात मी वाढले. काट्याला कधी काही चिकटवलं नाही. त्या दुपारी आठ मणी बांधले, आठवा सगळ्यात मागे, दिसणार नाही असा.

साडेचारला काका भिजून आले. काकी आत औषध घेत होत्या तेव्हा ते माझ्या अगदी जवळ आले. "आत मणी होते. काढलंस?"

"परत लावले, काका."

"खाली पडललो?"

"तोही."

"म्हणजे सात."

"सात," मी म्हणाले.

त्यांनी हात खिशात घातले. "ती किलोभर उतारली की मी एक बांधी. आता हात कापतत. तो येक पडलो मेलो आत." मग दाराकडे बघत, "तिका सांगू नको हां."

त्या घरातल्या दोघांनाही मी तोच शब्द दिला. तारकर्लीला परतले आणि न जेवताच झोपले.

रविवार

निघायची गाडी दुपारची होती, त्यामुळे सकाळी पुन्हा दुकानात गेले. खरं सांगायचं तर जायची इच्छा नव्हती. दोघं चर्चमधून एका छत्रीखाली आले. काकींनी निळा ठेवणीतला झगा घातला होता. दोन टाचण्यांनी कमरेला आवळलेला.

रुपया. दिवे. चकती. खट.

काकांनी कार्ड उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ. माझ्याकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं, सातपर्यंत. पुन्हा मोजलं.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "सांतान, वाढलंस गो!"

"तुझ्या पेजेन," काकी म्हणाल्या. एकदाही माझ्याकडे न बघता.

त्या माणसानं दुकान उघडं टाकलं आणि छत्री न घेता पावसात सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणायला धावला. हात कापत असलेला सत्तरीचा माणूस धावला, हो. काकी पाटावरून उतरेनात. यंत्राच्या काचेला कपाळ टेकून तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरून उतरवलं तेव्हा हातात काहीच आल्यासारखं वाटलं नाही.

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता. त्यानं बॅगेबद्दल काही विचारलं नाही.

आणि मग कोल्हापूर

हे सगळं मी तेव्हा लिहिलं नाही. शब्द दिला होता. एरवी घरी आले की दुसऱ्या दिवशी फोटो टाकते. या वेळी वजनाची बॅग महिनाभर उघडलीसुद्धा नाही. आपण चांगलं केलं की वाईट, हे मला ठरवता येईना. अजूनही येत नाही.

डिसेंबरात इनास काकांचा फोन आला.

"सांतान गेली. सोमवारी पंधरा दिस होतले."

मी काहीतरी बोलले. मग ते म्हणाले, "शेजाऱ्याकडसून मशीन उघडून घेतलंय काल. मणी काढून जाळ्याक परत बांधूचे होते." श्वासाचा आवाज आला. "आठ गावले."

मी खाली बसले.

"सात काळ्या दोऱ्याचे. येक लाल. तिच्या शिवणाचो दोरो माका कळात नाय काय?"

"काका, मी..."

"तू कायेक सांगू नको." मागे एसटीचा हॉर्न वाजला, कुणीतरी मेणबत्त्या मागत होतं. त्यांनी आधी त्या दिल्या. मग फोनवर आले. "त्या येका किलोर आमी तीन महिने काढले, बाय. सात काढून टाकलंय. लाल दोऱ्याचो ऱ्हवांदे. लोकां म्हणतत, इनास, तुझो काटो चुकता. म्हणांदेत."

आता लिहायला हरकत नाही असं तेच म्हणाले.

तेव्हा मालवणला गेलात तर जेटीकडच्या उतारावर ते दुकान शोधा. तुमचा रुपया द्या, त्यांचा घ्या, पाटावर उभे राहा. कार्डावर येईल त्यातून एक किलो वजा करायचा असतो. तो रस्त्यावर आल्यावर करा, त्यांच्यासमोर नको.