सीटखालचा एक्सल

उकंडराव तायडे कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेत नसत. मोटारीचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा लोखंडी दांडा, घ्यायचा असला की तो सुतळीनं टांगायचा, पान्यानं हळूच ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. खणखणीत वाजला तर माल चांगला, बद्द वाजला तर आत चीर. इथवर ठीक होतं. पण ते टरबूजही वाजवत, कपबशीही वाजवत, आणि माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा त्यांनी मुलीच्या घराची चौकट बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. "घर पक्कं हाय," एवढंच ते म्हणाले. मुलीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

माझा थोरला भाऊ वसंतदादा आणि उकंडराव कापसाच्या एकाच जिनिंग कारखान्याच्या लॉऱ्या चालवत. पुढे दोघांनी भागीत एक जुनी अमेरिकन मोटार घेतली आणि अमरावती ते अकोला टॅक्सी सुरू केली. आम्ही कुणबी, उकंडराव छप्पन सालापासून बौद्ध. ही भागी केव्हा मोडते याची वाट बरीच मंडळी पाहत होती, त्यात आमचे मामा सगळ्यात पुढे. दिवाळीपर्यंत मोडेल, असं ते सांगत. कोणती दिवाळी, ते मात्र सांगत नसत.

भागी टिकली, गाडीच्या पेट्रोल इंजिनानं मात्र लवकरच राम म्हटला. उकंडरावांनी तिच्यात लॉरीचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन नीट बसलं, पण त्याची ओढ गाडीच्या मूळच्या एक्सलला सोसेना. कधी तो मूर्तिजापूरजवळ तुटायचा, कधी बडनेऱ्यातच. दादाचं म्हणणं, आता लॉरीचाच जाडजूड एक्सल घालावा. उकंडरावांनी अकोल्याच्या भंगारात हिंडून वेगळाच आणला. लांबी तीच, टोकाचे दाते तितकेच, जाडी मात्र जराशीच जास्त.

"हाही तुटन," दादा म्हणाला.

"तुटालेच पायजे," उकंडराव म्हणाले. "एवढं दांडगं इंजिन बसोलं, त्याचा जोर कुठीतरी निंगनच ना. एक्सल नाई तुटला तं मागच्या गोळ्यातले दात जातीन. एक्सल रस्त्यावर बदलता येते. गोळा बदलता येते काय? जे बदलता येते तेच तुटू दे, वसंता."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातल्या चक्रांबद्दल ते बोलत होते. तो गेला म्हणजे गाडी महिनाभर उभी. म्हणून एक जादा एक्सल गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवला जाई. नेहमीच्या उतारूंना हे सगळं पाठ झालं होतं. मागून कट्‌ असा आवाज आला की ते न सांगता उतरत, सीट उचलत, एक्सल काढून देत आणि लिंबाच्या सावलीला शिदोरी सोडत. नव्या उतारूला जुने समजावून सांगत. रागावलेला माणूस मी क्वचितच पाहिला.

उकंडरावांनी हाच नियम घरीदारी लावला होता. शेजारचं जोडपं भांडू लागलं की ते ओट्यावरून सांगत, "कपबशा फोडा, एकमेकाचे मायबाप नोका काढू. कपबशा बाजारात भेटतेत." त्यांच्या स्वतःच्या घरी कपबशा नेहमी नव्या असत.

माझं लग्न ठरलं. उकंडराव बहिणीकडे दर्यापूरला गेले असताना दादानं संधी साधली. लॉरीचा एक्सल लेथवर कापून गाडीत बसवून घेतला आणि सीटखालचा काढून टाकला. भावाच्या वरातीत गाडी बंद पडू नये, एवढाच त्याचा हेतू होता. वरातीच्या सकाळी उकंडराव आले, चाकाशी वाकले, एक्सलच्या तोंडावर पाना वाजवला आणि दादाकडे पाहिलं.

"आता तुटत नाई," दादा म्हणाला.

"एक्सल नाई तुटत," उकंडराव म्हणाले. "मंग काय तुटते ते पाहू." आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले, कारण वरात निघालीच होती.

अकोटच्या पुढे एका नाल्याच्या चढावर मागून आवाज झाला. नेहमीचा कट्‌ नव्हे. जात्यात खडे पडावेत तसा. गाडी थांबली. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानं उतरू नये असं आत्याचं मत असल्यामुळे पुढचं सगळं मी आत बसून खिडकीतून पाहिलं.

मामा ओरडत होते, "मी पहिल्यापासून सांगून राहिलो. कोनं बसोला हा एक्सल? या तायड्यानंच ना? असल्या मानसासंग भागी करतेत काय?"

सगळी वरात उकंडरावांकडे पाहू लागली. उकंडराव हात पुसत होते. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते दादाकडे पाहत होते. दादानं जन्मात कधी चूक कबूल केलेली नव्हती, वडिलांसमोरही नाही. तो गप्प राहिला असता तर भागी तिथंच, त्या नाल्यात संपली असती.

"मी बसोला," दादा म्हणाला. "उकंडाले न विचारता. त्यानं नाईच म्हटलं होतं. आन् मामा, त्याच्याबद्दल पुन्हा असं बोलाचं नाई."

मामांनी पागोटं सारखं केलं. उकंडरावांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दादाला म्हणाले, "गोळा गेला, भागी नाई गेली. बराबर तुटलं." मग ते शेजारच्या वाडीतून दमणी जुंपून घेऊन आले आणि त्या बैलगाडीतून मी तेल्हाऱ्याला पोचलो. अक्षता दिवेलागणीला पडल्या. आपण जेवलो नाही, असं मामा अजून सांगतात. मी त्यांना बुंदी वाढून घेताना पाहिलं होतं.

गाडी महिनाभर उभी राहिली, मग पूर्वीसारखी धावू लागली. सीटखाली एक्सल परत आला. पुढे काही वर्षांनी उकंडराव काविळीनं गेले, चार दिवसांच्या दुखण्यात. वस्तीतल्या पोरांनी तिरडी बांधली. उचलायची वेळ झाली तेव्हा दादा पुढे आला, खाली वाकला आणि तिरडीचा बांबू बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. आवाज ऐकला. मग खांदा दिला.