फाल्कनची खंडेनवमी

नोकरी लागल्यावर माझ्या मुलीनं पहिली मोठी खरेदी केली ती स्वतःच्या दुपटीहून जास्त वयाच्या गाडीची. फाल्कन, चौसष्ट सालची, फिकट निळी, दारं मात्र दोन वेगळ्या निळ्यांची. टो ट्रकवरून ती आमच्या सांता क्लाराच्या ड्राइव्हवेमध्ये उतरली तेव्हा नवरा अंगणात नाचायचाच बाकी होता. तो नागपूरचा, जुनं काहीही दिसलं की हरखून जातो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. समोरच्या वस्तूत काय मोडकं आहे ते शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मी आधी खाली वाकून काय गळतंय ते पाहिलं. बरंच काही गळत होतं.

पोरगी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन गाडीचे. दोन वर्षं आमचं गॅरेज तिच्या ताब्यात होतं. गणपतीचं मखर, धान्याचे डबे, नवऱ्याचा न वापरलेला ट्रेडमिल, सगळं हॉलमध्ये आलं. आमच्या दोन्ही गाड्या उन्हात, आणि फाल्कनबाई आत सावलीत. मी रोज कटकट करायचे आणि रोज तिला चहा नेऊन द्यायचे. गाडीखालून फक्त दोन पाय दिसायचे आणि आवाज यायचा, ‘थँक्स आई, ठेव तिथे.’

इंजिन सुरू झालं, ब्रेक नवे झाले, आणि मग चाकं सरळ करून घ्यायला गाडी एका वर्कशॉपमध्ये गेली तर तिथल्या माणसानं हात वर केले. पुढच्या प्रत्येक चाकाला खालून एक लोखंडी पट्टी धरून ठेवते, तिला लोअर आर्म म्हणतात. तिच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, आपल्या खांद्यात असतो तसा गोल फिरणारा सांधा. आमच्या गाडीच्या एका आर्मचा सांधा खिळखिळा झाला होता. दुसरा आर्म कधीतरी फुटपाथला धडकून किंचित वाकला होता. इतका किंचित की नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता, पण गाडी सरळ चालत नव्हती. आणि या गाडीत सांधा वेगळा बदलता येत नाही, आर्मसकट बदलावा लागतो.

नेमकं त्याच सुमारास तिला बेलव्ह्यूच्या, म्हणजे इथून तेराचौदाशे किलोमीटर उत्तरेच्या, हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं. आनंद झाला आणि धास्तीही वाटली, दोन्ही खरं आहे. पण ती म्हणाली की मी फाल्कन घेऊन जाणार, ड्राइव्ह करत, आणि मग मात्र फक्त धास्तीच उरली. मी स्वच्छ सांगितलं की विमानानं जा, तिथे एखादी शहाण्यासारखी गाडी घे. बापानं पेपरमध्ये डोकं घातलं. मुलगी स्पॅनर पुसत राहिली. मग म्हणाली, ‘आई, मी तिथे कुणालाच ओळखत नाही. अॅट लीस्ट गाडी तरी ओळखीची असू दे ना.’

मी म्हटलं, आधी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी होऊ दे, मग बघू. ही आमची आपली टाळायची पद्धत. तिनं मात्र तो होकार धरला.

नवे आर्म बाजारात मिळतात, पण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तिच्यासारखी येडी माणसं इंटरनेटवर एकमेकांना सांगत असतात की जुनं ओरिजिनल लोखंडच बरं. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघी मोडेस्टोच्या पुढे एका भंगारवाल्याकडे गेलो. नवरा ऑफिसच्या कामात अडकला होता, आणि हिला पाना ओढायला कुणीतरी हवंच होतं. तिथे बदामाच्या बागेला लागून जुन्या गाड्यांच्या रांगा होत्या. मी निळी फाल्कन शोधत होते आणि पोरगी एका हिरव्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली. कॉमेट. जमिनीतून गवत वर येऊन स्टिअरिंगपर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, ही आपली गाडी नाहीये.

‘सेम बोन्स, आई,’ ती म्हणाली. मग तिनं मला समजावलं की फाल्कन, कॉमेट आणि पहिल्या दोन वर्षांची ती मिरवणारी मस्टँग, वरून तिघींचे चेहरे वेगळे, पण खाली आर्म तेच. एकीचा काढून दुसरीला बसतो. इतकंच काय, डावीकडचा उजवीकडेसुद्धा बसतो. पुढे सदुसष्ट साली मस्टँग रुंद झाली आणि हे जमेनासं झालं.

म्हणजे चुलत बहिणी, मी म्हटलं. हे मात्र मला पटकन कळलं. आमच्याकडे फ्रॉक थोरल्या काकांच्या मुलीकडून माझ्याकडे यायचे आणि माझ्याकडून मामेबहिणीकडे जायचे. सगळ्या जणींच्या फोटोंत तोच एक पिवळा फ्रॉक आहे. सदुसष्टची मस्टँग म्हणजे आमची ती एक आतेबहीण, जी बारावीनंतर अंगानं भरली आणि तिला काही होईना. हे ऐकून पोरगी इतकी हसली की भंगारवाला बघायला आला.

नट गंजून घट्ट झाले होते. तिनं पान्याला लांब पाइप लावला आणि आम्ही दोघी मिळून त्यावर लोंबकळलो. पहिला नट सुटला तेव्हा मी बसकण मारली ती थेट गवतात. दुपारपर्यंत दोन आर्म निघाले. सांधे घट्ट, आर्म सरळ. तिनं पिवळ्या खडूनं त्यांच्यावर मोठा ‘सी’ लिहिला, कॉमेटचा. घरी आल्यावर फाल्कनचे दोन आर्म काढले आणि त्यांच्यावर ‘एफ’ लिहिला. चारही गॅरेजमध्ये पुठ्ठ्यावर मांडून ठेवले. दसऱ्याच्या दिवशी बसवू, म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा. आमच्या घरी अमेरिकेत हत्यारं म्हणजे विळी, नवऱ्याचं ड्रिल आणि तीन लॅपटॉप. या वर्षी माझ्या मनात आलं की पोरीची अवजारं मांडावीत. जाणारच आहे ती, तर देवाच्या नजरेखालून तरी जाऊ दे. ती कामावर गेली होती. गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं तर पाने ठीकठाक, पण ते आर्म म्हणजे साठ वर्षांचं ग्रीस आणि चिखल. असल्या वस्तूला हळदकुंकू कसं लावणार? आमच्याकडे पूजेची वस्तू आधी लख्ख घासायची असते. मी परसात बसले, डिग्रीझर घेतला, कपड्यांचा जुना ब्रश घेतला आणि चारही आर्म असे घासले की माझी आई असती तर तिनंही नाव ठेवलं नसतं. पुसले, तेलाचं बोट फिरवलं, पाटावर ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मन प्रसन्न झालं.

संध्याकाळी ती आली. पाटाकडे पाहून आधी हसली. मग खाली बसली, एकेक आर्म उलटून पाहू लागली आणि तिचं हसू गेलं. मी विचारलं काय झालं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘आई, खडू?’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार आर्म, चारही काळेभोर, चारही सारखे. एकमेकांना बसावेत म्हणूनच तर ते घडवलेले.

खिळखिळ्या सांध्याचा आर्म तिनं हातानं हलवून लगेच बाजूला काढला. पण उरले तीन. दोन चांगले आणि एक वाकलेला, आणि तो वाकलेला डोळ्यांना दिसत नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते आणि घर नेहमीसारखं झालं असतं. तिनं फक्त झेंडूची फुलं परत नीट ठेवली आणि म्हणाली, ‘इट्स ओके. मी फ्लाय करते.’ मग गाडीवर चादर ओढली आणि वर गेली.

मला हवं होतं ते झालं होतं. काहीही न बोलता, भांडण न करता, पोरगी विमानानं सुखरूप जाणार होती. दसऱ्याच्या सकाळी मी श्रीखंडासाठी चक्का फेटत होते आणि खुशीत असायला हवी होते. पण ती चादर ओढतानाचे तिचे हात सारखे डोळ्यांपुढे येत होते. पोरगी सुखरूप हवीच, पण अशी नको.

मी चक्का बाजूला ठेवला आणि तिन्ही आर्म किचनमध्ये आणले. नवरा म्हणाला, ओट्यावर? मी म्हटलं, हो, ओट्यावर. बटर पेपर पसरला आणि पेन्सिलनं प्रत्येक आर्मची कड आणि भोकं कागदावर उतरवली. तीन आर्म, तीन कागद. मग कागदावर कागद ठेवून खिडकीला धरले. पहिले दोन तंतोतंत जुळले. तिसऱ्याचं टोक दोघांशीही जुळेना. तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला जात होतं.

मी तिला हाक मारली. हा वाकडा, म्हटलं, हे दोन बरोबर. तिनं कागद पाहिले. मग मला पाठ फिरवायला लावली, आर्मची जागा बदलली आणि नवे कागद देऊन पुन्हा करायला सांगितलं. टेस्टिंगमधला हा कावा मीच तिला लहानपणी शिकवला होता. पुन्हा तोच निघाला. तिनं तो उचलून कचऱ्यात नेऊन टाकला आणि परत येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

‘सो, पास?’ तिनं विचारलं.

आयुष्यात हजारो वेळा मी हा शब्द लिहिला असेल. मी जुळलेले दोन कागद पुन्हा एकदा खिडकीला धरून पाहिले. ‘पास,’ मी म्हटलं.

‘तू बसशील त्यात?’

मी ऑफिसला रजा टाकली. तिनं आर्म बसवले आणि वर्कशॉपमधून चाकं सरळ करून आणली. दशम्या केल्या, चटणी केली, आणि दोघी निघालो. नवऱ्यानं चाकांखाली लिंबं ठेवली आणि निघताना तोंड फिरवून घेतलं. गाडी बाणासारखी सरळ चालत होती. एसी नाही, रेडिओ नाही, खिडक्या उघड्या, बोलायचं तर ओरडून. तिनं मला तिच्या पेशंटांच्या गोष्टी सांगितल्या, एका मुलाबद्दल सांगितलं, तो आता तिच्या आयुष्यात नाही हेही सांगितलं. सांता क्लारामध्ये शेजारच्या खोलीत राहून तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑरेगनमध्ये शिरल्यावर सिस्कियूचा घाट उतरत होतो. जुन्या गाडीत पट्टा फक्त कमरेला, खांद्यावरून काही नाही. वळणावर पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक लागले. तिनं ब्रेक दाबला, आणि डोळे रस्त्यावरून न हलवता तिचा उजवा हात झटकन माझ्या छातीसमोर आडवा आला.

ती शाळेत होती तेव्हा प्रत्येक सिग्नलला माझा हात असाच तिच्यासमोर जायचा. ती वैतागायची. ट्रक पुढे सरकला, तरी तिचा हात थोडा वेळ तिथेच होता. तिला ते कळलंही नाही. मग तिनं तो स्टिअरिंगवर नेला आणि विचारलं, अजून दशमी आहे का. मी डबा मांडीवर घेतला आणि खाली मान घालून बराच वेळ त्यात शोधत राहिले.