बारीक छर्रा

काडतुसांचा खोका मी निवडला होता, हे आधीच सांगून टाकतो. परवाना मुलीचा, बंदूक शेजाऱ्याची, बारही मुलीनेच मारला. पण खोका माझा.

आम्ही न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या कडेला राहतो, जिथे घरं संपतात आणि गायी सुरू होतात. मी दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर आहे. कुंपणापलीकडे एक म्हातारा शेतकरी राहतो. फार्म आता त्याचा मुलगा चालवतो. म्हातारा वासरं बघतो आणि मागचं तळं सांभाळतो. आमची मुलगी शाळेत असल्यापासून शनिवार-रविवार त्यांच्याकडे दूध काढायला जाते. तिला गायींची भाषा माझ्या भाषेपेक्षा चांगली येते. मी मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

इकडे मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. कारखान्यात त्या दिवसाच्या शिफ्टची अदलाबदल मार्चपासूनच सुरू होते. गेल्या वर्षी मुलीने कोर्स केला, परीक्षा दिली, पोलिसांची चौकशी झाली आणि तिच्या नावाचा परवाना आला. म्हाताऱ्याने तिला तळ्यावर बोलावलं. मीही यावं, नुसतं बसावं, असं म्हणाला.

मी अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर उकडणाऱ्या घरात वाढलो. अजूनही मांस खात नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, घशाखाली उतरत नाही एवढंच. बायको मुंबईची, मासे-मटण खाणाऱ्या घरातली. जेवताना मुलीने विषय काढला तेव्हा ती शांतपणे पोळ्या लाटत होती.

"खाणार आहात ना पण? नुसती मारून टाकायची नाहीत."

"ऑब्वियसली खाणार, आई."

"मग जा. पण एका फटक्यात जायला हवं ते. तडफडत ठेवायचं नाही. आमचा मामा कोंबडी कापायच्या आधी सुरीला धार लावून घ्यायचा. का, ते विचार तुझ्या बाबाला."

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

"तेच तर. तुला काय माहीत." मग लाटणं माझ्याकडे रोखून म्हणाली, "तू जातोयस ना बरोबर? मग हे तुझ्यावर."

मी ते फार मनावर घेतलं. मी बहुतेक गोष्टी मनावर घेतो. घरातल्या दोघी त्यावरून हसतात.

म्हाताऱ्याने कुंपणाशी उभं राहून काय आणायचं ते सांगितलं होतं. पूर्वी तो शिशाची चार नंबरची काडतुसं वापरायचा. पण तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं बदकं खातात आणि विष भिनून मरतात, म्हणून आता पाण्यावर शिसं बंद, पोलादच वापरायचं. पोलाद शिशापेक्षा हलकं, तेव्हा छर्रा थोडा मोठा घ्यायचा. "तीन नंबर आण, मेट. अगदी जवळ येणार असतील तर चार. त्याहून बारीकच्या नादी लागू नकोस."

दुकानात एक अख्खी भिंत काडतुसांची होती. मुलगी फोनवर होती आणि मी खोके वाचत होतो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. खोक्यावर पहिला आकडा बंदुकीच्या नळीचा, बारा. मग काडतुसाची लांबी, मग आतल्या छर्ऱ्यांचं एकूण वजन ग्रॅममध्ये, मग 'स्टील', आणि शेवटी ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो छर्ऱ्याचा नंबर. नंबर वाढतो तसा छर्रा लहान होतो. दोनपेक्षा तीन बारीक, तीनपेक्षा सहा बारीक. एकाहून मोठे असतील तर आकडे संपून अक्षरं लागतात. तारेच्या गेजचं असंच असतं, आमच्या कारखान्यातल्या चाळण्यांचंही असंच. अमेरिकी खोक्यांवर तर सरळ हिशेब आहे: सतरामधून नंबर वजा करा, जे उरेल तितके शतांश इंच छर्ऱ्याचा व्यास. हे सगळं मी मुलीला समजावलं. 

"बाबा, यू आर लविंग धिस," ती म्हणाली.

तीन आणि सहा नंबरचे खोके शेजारी शेजारी होते. वजन तेच, छर्रे सहाच्या खोक्यात जवळजवळ दुप्पट. मी सहाचा उचलला.

"ही सेड थ्रीज."

"अगं, छर्रे जास्त म्हणजे लागायची शक्यता जास्त. साधं गणित आहे. तुझा नेम काय अजून पक्का नाही."

"थँक्स हं, बाबा."

"तसं नाही ग."

"फाइन. यू आर द इंजिनियर."

गणिताचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. दोन्ही खोक्यांवर छर्ऱ्यांची खऱ्या मापाची चित्रं होती. तीनचा छर्रा मला मोठा वाटला, एखाद्या जिवाच्या अंगात घुसायला फारच मोठा. सहाचा मोहरीपेक्षा थोडा जाड. माझ्या मनात आलं की मारायचंच आहे तर बारीक टोचून मरू दे. लहान छर्रा, लहान जखम, कमी दुखणं. बायकोने माझ्यावर टाकलेलं काम पार पाडायचा मला हाच मार्ग दिसला.

काउंटरवरच्या बाईने परवाना तपासला, खोका पाहिला आणि विचारलं, काही शंका आहे का? मी म्हणालो, "ऑल गुड." त्या दुकानात आमच्यासारखे दिसणारे आम्ही दोघंच होतो. ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस दिसायचं नव्हतं मला.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही तळ्याकाठच्या माइमाइत जाऊन बसलो. माइमाइ म्हणजे फळ्या आणि गवत लावून केलेली लपायची खोली. पुढून उघडी, आत बाक. म्हाताऱ्याने ती अशी सजवली होती की आत जुना सोफा आणि चहाची किटलीही होती. पाण्यावर नकली बदकं डुलत होती, म्हाताऱ्याची लॅब्राडोर कुत्री त्याच्या पायाशी थरथरत होती. काडतुसं मुलीने घरूनच जाकिटाच्या खिशात भरून आणली होती. म्हाताऱ्याला फक्त लाल नळ्या दिसल्या. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वेळ झाली तशी चारी दिशांनी दूरच्या तळ्यांवरून बार ऐकू येऊ लागले. मग आमच्यावर दोन मॅलर्ड बदकं आली. खाली उतरतील असं वाटलं, पण कशाला तरी बिचकून वळली. मुलगी उठली. म्हातारा पुटपुटला, "नाऊ." बार झाला. मागचं बदक हवेत अडखळलं, पिसं उडाली. ते पडलं नाही. एक पंख लोंबत, तिरकं घसरत पलीकडच्या काठाला रौपोच्या, म्हणजे इकडच्या पाणगवताच्या, उंच बेटात शिरलं.

"पंखाला लागलंय," म्हातारा म्हणाला. "जिवंत आहे."

मुलीने बंदूक उघडली, रिकामी केली आणि फळीवर ठेवली. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे, नीट. म्हाताऱ्याने कुत्री सोडली आणि खाली पडलेली काडतुसाची रिकामी नळी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"सहा?" त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी घेतली," मी म्हणालो. "तिने तीनच सांगितले होते."

"का?"

"लहान छर्ऱ्याने कमी दुखेल, असं वाटलं."

तो हसेल किंवा चिडेल अशी माझी तयारी होती. त्याने नळी खिशात टाकली. "कमी नाही दुखत, मेट. जास्त वेळ दुखतं. चल, शोधू या."

आम्ही गमबूट घालून चिखलात उतरलो. रौपो डोक्याच्या वर, खाली गुडघाभर पाणी. मी पाती बाजूला करत चाललो होतो आणि डोक्यात कारखाना होता. आमच्या ड्रायरच्या टॉवरमध्ये वरून दुधाचा फवारा पडतो. त्यात जाड थेंब लांबवर जातात, आणि बारीक थेंब लगेच वेग हरवून हवेत तरंगतात. हे मी वीस वर्षं रोज बघतो, नव्या मुलांना शिकवतो. हलका आणि बारीक कण हवेत लांब जाऊ शकत नाही. पोलादाचा सहा नंबरही तसाच. तो बदकापर्यंत पोचला तेव्हा त्यात मारण्याइतका जोर उरला नव्हता, जखम करण्याइतका होता. मला हे माहीत होतं. मी ते दुकानाच्या दाराबाहेर ठेवून आत गेलो होतो.

कुत्री एकदा थांबली, हुंगली, परत भरकटली. मुलगी माझ्यापासून थोड्या अंतरावर होती, कंबरेपर्यंत भिजलेली.

"सॉरी ग," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं. मी तो खोका घ्यायलाच नको होता. म्हातारा सांगत होता, तूही सांगत होतीस..."

"बाबा, इट वॉज माय शॉट."

"पण खोका मी..."

"स्टॉप इट! यू आर मेकिंग इट अबाउट यू. जस्ट लुक, प्लीज."

मी शोधायला लागलो. तोपर्यंत मी शोधत नव्हतोच बहुतेक, नुसता चालत होतो.

ऊन वर आलं. बाकीच्या तळ्यांवर बार चालूच होते, आमच्यावरून दोनदा थवे गेले, कुणी मान वर केली नाही. शेवटी कुत्रीलाच सापडलं, रौपोच्या पार टोकाला, पडलेल्या विलोच्या फांद्यांखाली. तिने ते अलगद तोंडात धरून आणलं. डोकं वर होतं. डोळा उघडा, काळा, आमच्याकडे बघत असलेला.

म्हाताऱ्याने ते हातात घेतलं आणि आमच्याकडे पाहिलं. मुलीने हात पुढे केला.

"मला दे," मी म्हणालो.

त्याने दाखवलं कुठे धरायचं, कसं ओढायचं आणि पिळायचं. हातात ते गरम होतं आणि वाटलं त्यापेक्षा हलकं. मी पिळलं. पण दुखू नये म्हणून हात आखडला आणि ते मेलं नाही. जोरात फडफडलं. मी पुन्हा तीच चूक करत होतो.

"पूर्ण ताकदीने," म्हातारा म्हणाला. "त्याच्यासाठी."

दुसऱ्यांदा मी पूर्ण ताकदीने पिळलं. मान तुटली ती बोटांना कळली. पंख थोडा वेळ हलत राहिले, म्हातारा म्हणाला ते आता त्याचं नाही, नुसत्या नसा आहेत. मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

घरी बायको अंगणात वाट बघत होती. पिशवीत एकच बदक पाहून तिने विचारलं, "एवढंच? तडफडलं नाही ना?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाह, आई, इट वॉज क्विक."

"नाही," मी म्हणालो. "बराच वेळ तडफडलं. काडतुसं चुकीची होती. मी मुद्दाम बारीक घेतली."

"मुद्दाम?"

मी तिला कारण सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सापडलं ना पण?"

"सापडलं."

"मारलं कोणी?"

"मी."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "बोथट सुरी घेऊन गेलास तू. दया आली म्हणून." पिशवी उचलून ती आत जाता जाता म्हणाली, "हात धू. आणि आता उगाच प्रायश्चित्त म्हणून खायला बसू नकोस. तुला आवडणार नाही आणि वाया जाईल."

मी वरण-भात खाल्ला. त्या दोघींनी बदक खाल्लं. सोलताना बायकोला छर्रे सापडले, बरेचसे कातडीच्या आतच अडकलेले, छातीपर्यंत एखाद-दुसराच पोचलेला.

उरलेल्या सहा नंबरच्या नळ्या म्हाताऱ्याने मातीच्या तबकड्यांवर सरावासाठी ठेवून घेतल्या. पुढच्या शुक्रवारी आम्ही परत दुकानात गेलो. त्याच बाईने तेच विचारलं. या वेळी मी हो म्हणालो आणि पंधरा मिनिटं प्रश्न विचारत राहिलो: तीन का, चार कधी, किती लांबवर, आणि कुठल्या अंतरापलीकडे बारच मारायचा नाही. मागे रांग झाली. मुलगी बाजूला उभी राहून पाट्या वाचायचं नाटक करत होती.

शनिवारी तिने दोनदाच बंदूक उचलली. दूरची जाऊ दिली. दोन्ही बदकं पाण्यावर पडली तेव्हा मेलेली होती. मला बरं वाटलं, आणि ते पाहून बरं वाटणारा माणूस मी होईन असं मला कधी वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.